आमची वाटचाल: टॅक्सीच्या इंजिनापासून चिसितालियापर्यंत

‘टॅक्सीवाल्यांचं गॅरेज’ हे नाव आम्हाला कोणी ठेवलं ते मला पक्कं ठाऊक आहे. इथे लिहीत नाही, पण वाचणाऱ्याला कळेल.

मी शिकलो मुंबईत कुर्ल्यात, फियाट बनवणाऱ्या प्रीमियरच्या कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मास्तर फियाट सोडून दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडत नसत. बोअर (सिलेंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५, १०८९ सीसी, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. त्या इंजिनाची किती हेडं उतरवली याचा हिशेब मी ठेवला नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला सकाळी धंद्यावर जायचं असायचं, त्यामुळे काम रात्रीचं. फिलर गेजची, म्हणजे बारीक फट मोजायच्या पट्टीची, पाती बोटांना दिसते, असं मास्तर म्हणायचे. पंचवीस वर्षांनी ते खरं निघालं.

१९९४ मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ जुन्या गाड्यांच्या कामासाठी शेड भाड्याने घेतली. भागीदार जालंधरचा, इंजिन माझं, पत्रा त्याचा. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने तो ॲल्युमिनियमचा मडगार्ड असा उठवायचा की बघत राहावं. पुढची नऊ वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२००३ ला एका जुन्या इटालियन रेसिंग गाडीचं इंजिन आमच्याकडे आलं. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, ग्राइंड होऊन आला. आतल्या तेलाच्या वाटांचे प्लग काढून त्या साफ करायच्या असतात, हे या धंद्यातल्या पोरालाही माहीत असतं. प्लग घट्ट दिसले, मी नुसती हवा मारली आणि पुढे गेलो. ट्रॅकवर तिसऱ्या फेरीला बेअरिंग जागेवरून फिरलं आणि कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. ग्राइंडिंगचा कीस आत राहिला होता, चिमूटभरसुद्धा नसेल. तेवढ्यापायी माझी मिलिंग मशीन गेली, रंगाची बूथ गेली आणि राहत्या घरावर कर्ज चढलं. भागीदार गेला. त्याला मी दोष देत नाही. म्हणजे रोज देत नाही. आपसातली भागीदारी कागदावर लिहून घ्या, सख्खा भाऊ असला तरी.

आमच्याच रस्त्यावर एक मोठी फर्म होती, चकचकीत फरशीवाली. फुटलेल्या ब्लॉकची गोष्ट त्यांनी महिन्याभरात सगळीकडे पोचवली आणि आमची तीन गिऱ्हाइकं नेली. ‘टॅक्सीवाले’ हे नाव तेव्हाचं.

एकच माणूस राहिला. रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनियर, साध्या फियाटचं काम आमच्याकडे आणायचे. त्यांच्याकडे एक चिसितालिया २०२ कूपे होती, बंद टपाची इटालियन स्पोर्ट्स गाडी, साठच्या दशकात मोडीच्या भावात घेतलेली. मोठ्या फर्मने सांगितलं, जुना पत्रा फेकून नवा चढवू. म्हातारबुवा तिथून थेट माझ्याकडे आले. म्हणाले, “हे इंजिन तू लहानपणापासून उघडतोयस ना?”

ते चुकत नव्हते. तुरीनच्या पिएरो दुसिओंनी महायुद्धानंतर ही गाडी काढली ती फियाट ११०० च्या इंजिनावरच, तेच ६८ बाय ७५. (म्हणून आपल्या टॅक्सीचे, म्हणजे पद्मिनीचे, भाग सरसकट बसतील असं समजू नका, हात पोळतील.) १९४७ च्या मिल्ले मिल्यात, म्हणजे इटलीतल्या रस्त्यांवरच्या हजार मैलांच्या शर्यतीत, चौपन्न वर्षांचे नामांकित रेसर नुवोलारी याच कुळातली उघडी स्पायडर घेऊन उतरले आणि कितीतरी मोठ्या इंजिनाच्या गाड्यांच्या पुढे राहिले. शेवटच्या टप्प्यात धो धो पाऊस लागला, पाणी इग्निशनमध्ये, ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत, शिरलं आणि बिओंदेत्तींची बंद टपाची अल्फा रोमिओ पुढे निघून गेली. दुसरा, तिसरा, चौथा नंबर मात्र चिसितालियाचा. ज्याने मुंबईच्या जुलैत टॅक्सीचा डिस्ट्रिब्युटर फडक्याने पुसलाय, त्याला ती शर्यत समजावून सांगावी लागत नाही.

दुसिओ पुढे पोर्शे मंडळींकडून ग्रां प्रीची गाडी बनवून घ्यायच्या नादात बुडाले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ ला २०२ प्रदर्शनात मांडली, तोवर कंपनीचा बोऱ्या वाजलेला. या माणसावर मी हसू शकत नाही.

गाडी उघडली तेव्हा खरी गंमत दिसली. सांगाडा क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलच्या बारीक नळ्यांचा, वर हाताने ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. दोन धातू जिथे टेकतात तिथे ओल धरली की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. दारांखालच्या कडा बोटाने दाबल्या तर बिस्किटासारख्या तुटल्या. नळ्या मी छोट्या हातोडीने एकेक वाजवल्या. शाबूत नळी खणकन बोलते, आतून गंजलेली बद्द. अकरा ठिकाणी बद्द आवाज आला. तेवढेच तुकडे कापले, मंद आचेवर टिग वेल्डिंग केलं. बाकी सगळं मूळचं. पत्रेकामासाठी जालंधरवाल्याला फोन केला. आला. आठ महिने राहिला, पैशाचं बोलणं शेवटी काढलं.

हेडचे स्टड मात्र निघेनात. चौदा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ तेल आणि थोडी ऊब, मग पान्याला चिमटीएवढा झटका, पुन्हा तेल. घाईने स्टड तोडणारे मेकॅनिक मी खूप पाहिले. हेड सुटलं तेव्हा कुर्ल्याचाच वास आला, जुन्या कूलंटचा.

रंगाची बूथ विकलेली, म्हणून रंग बाहेर द्यावा लागला, आणि तोही नाइलाजाने त्या मोठ्या फर्मला. त्या वर्षीच्या त्यांच्या कॅलेंडरवर, जूनच्या पानावर, ही गाडी होती. खाली त्यांचं नाव. तीन वर्षांचं काम आमचं, सहा आठवड्यांचा रंग त्यांचा. मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. कॅलेंडर अजून कपाटात आहे.

म्हातारबुवा जाऊन काही वर्षं झाली. गाडी आता त्यांच्या मुलीकडे असते आणि दर मार्चला टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे दट्टे) सेट करायला माझ्याकडे येते. बिल लावत नाही. यंदा तिसऱ्या सिलेंडरचा एक टॅपेट वाजत होता. नव्या पोराने गेज लावून सांगितलं, बरोबर आहे. मी पाती सरकवून पाहिली. सैल होता.