दुर्बिणीत कॉम्प्लिकेशन किती होतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी एन्डोस्कोपी रूममध्ये नर्स आहे आणि रजिस्टर माझ्याकडे असतं हे कळलं की पेशंटच्या नातेवाइकांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे हेच विचारतात, दुर्बीण टाकल्यावर कॉम्प्लिकेशन किती होतात हो?

नुसती बघायची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण, असेल तर आतड्याला भोक पडणं हजारात एकाहूनही कमी. ईआरसीपी म्हणजे पित्तनळीतला खडा वगैरे काढतात ते, त्यात मात्र स्वादुपिंडाला सूज शंभरात तीन ते दहा जणांना येते. पण आकडा सोडा, मोजायचं काय ते बघा. पॉलिप, म्हणजे आतड्यातली छोटी गाठ, काढताना रक्त आलं, सरांनी क्लिप मारली, थांबलं, पेशंट ठरल्याप्रमाणे संध्याकाळी घरी, तर ते कॉम्प्लिकेशनमध्ये धरतच नाहीत. 2010 मध्ये अमेरिकेतल्या एएसजीई या दुर्बिणीवाल्या डॉक्टरांच्या संस्थेने हे ठरवून दिलं, की काम अर्धवट राहिलं, अ‍ॅडमिट करावं लागलं, मुक्काम वाढला किंवा नंतर त्यासाठी डॉक्टर गाठावा लागला तर नोंद करायची. आणि मग त्यापायी हॉस्पिटलात काढलेल्या रात्री मोजायच्या. तीनपर्यंत सौम्य, चार ते दहा मध्यम, दहाच्या वर गंभीर. ऑपरेशन लागलं तर डायरेक्ट गंभीर.

आता ह्या रात्रींची गंमत सांगते. एका काकांचं ईआरसीपीनंतर पोट थोडं दुखत होतं, स्वादुपिंडाच्या सुजेसाठी करतात ती अमायलेजची रक्ततपासणी नॉर्मल, सात वाजता सोडलं असतं पण गावची शेवटची एसटी गेलेली, म्हणून ठेवून घेतलं. तसंच दुखणारा दुसरा पेशंट पलीकडच्या गल्लीतला, तो घरी जाऊन झोपला. मग काकांची ती एक रात्र कॉम्प्लिकेशनची की एसटी महामंडळाची? मी शेऱ्यात "एसटी चुकली" लिहिलं, सर हसले, पण खोडलं नाही. 2022 ची अ‍ॅग्री नावाची नवी पद्धत आहे, ती उपचार काय करावे लागले त्यावरून ग्रेड देते, सर्जन लोक आधीपासून तसंच करतात, मला ती जास्त पटते.

आणि फोन. पॉलिप काढल्यावर दोन आठवड्यांपर्यंत रक्त जाऊ शकतं, तोवर पेशंट गावी. म्हणून मी पंधराव्या दिवशी फोन लावते. "बरंय ना?" विचारलं की सगळे "हो हो, एकदम बरंय" म्हणतात. मागे एका ताईंना सरळ विचारलं, संडासवाटे रक्त गेलं का? "गेलं की दोन दिवस, गावच्या डॉक्टरांनी सुई दिली मग थांबलं. तुम्हाला कशाला त्रास द्यायचा?"

त्या महिन्याच्या रकान्यात मी शून्य लिहून ठेवलं होतं, ते खोडून एक केलं.