काय की, बाईसाहेब

मंगळवार, रात्री साडेअकरा

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'च्या तिसऱ्या अंकाच्या तालमीत आज एमिलिया करणाऱ्या रेणूच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "काय की, बाईसाहेब." संहितेत "मला ठाऊक नाही" आहे. सगळे हसले, प्रॉम्प्टरनं वाक्य दुरुस्त करून दिलं, तालीम पुढं सरकली. माझं मन मात्र तिथंच अडकलं.

आपल्या मराठवाड्यात दिवसातून पन्नासदा "काय की" म्हणतात. ठाऊक नसलं तरी, ठाऊक असून सांगायचं नसलं तरी. त्याला खोटं कुणी म्हणत नाही. एमिलियाचंही, म्हणजे ऑथेल्लोच्या बायकोच्या, डेस्डेमोनाच्या दासीचंही, तसंच झालं असणार.

विश्वासघात म्हटलं की एमिलियाचा नवरा इयागो, बायकोबद्दल ऑथेल्लोच्या मनात संशय भरवणारा. मूळ 'ऑथेल्लो' घ्या नाहीतर देवलांनी त्यावरून केलेला १८९० चा 'झुंझारराव', कपटावर बोलायला बसलं की त्याच्यापुढं कुणी जातच नाही. पण त्याच्या पोटात आधीपासूनच विष आहे. एमिलियाच्या पोटात काय होतं? नवरा शंभरदा मागत होता म्हणून तिनं ऑथेल्लोनं डेस्डेमोनाला दिलेला, खाली पडलेला रुमाल उचलून त्याच्या हाती दिला, एवढंच. डेस्डेमोना त्या रुमालाशी बोलते, त्याचे मुके घेते, हे एमिलियाच आपल्या तोंडानं सांगते. आणि बाईसाहेबांनी "कुठं पडला असेल गं?" म्हणून विचारलं, तर हिचं "ठाऊक नाही". पुढच्याच वाक्यात डेस्डेमोना म्हणते, नाण्यांनी भरलेली थैली हरवली असती तरी चाललं असतं. मग ऑथेल्लो येऊन पुन्हा पुन्हा "रुमाल!" म्हणून गरजतो. एमिलिया तिथंच उभी. ती एक वाक्य बोलली असती, तर डेस्डेमोनाचा जीव वाचला असता.

जवळच्या माणसाचं असं गप्प राहणं... जाऊ द्या.

एमिलियाला उभं कुठं करायचं, हे अजून जमत नाही. विंगेजवळ ठेवली तर प्रेक्षक तिला विसरतात. मधोमध आणली तर चेहरा सगळं सांगून टाकतो आणि डेस्डेमोना बावळट वाटते. उद्या डेस्डेमोनाच्या मागं दोन पावलं, डावीकडं. हातात घडी घालायचे कपडे. "रुमाल" ऐकला की घडी थांबायची, बाकी काही नाही.

रुमालाचंही चुकलंच. गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं मलमल १८ इंची चौकोनी कापलंय. त्याचा कर्ण भरतो २५ इंच, डोक्याचा घेर २२. म्हणजे डेस्डेमोना ऑथेल्लोच्या दुखऱ्या डोक्याला रुमाल बांधू बघते तेव्हा गाठ बसते, आणि गाठ बसली की त्याचं "तुझा रुमाल लहान पडतो" हे वाक्यच खोटं पडतं. शिवून झालेला रुमाल १५ इंचीच हवा. कर्ण २१, टोकं भेटणार नाहीत. दुमडीसाठी १६ इंच कापायचं. शिवाय मलमल पंख्याखाली तरंगतं, आज ते थेट तबल्यावर जाऊन पडलं. एका कोपऱ्याच्या दुमडीत दोन-चार जड मणी शिवले की जागच्या जागी पडेल. रुमालावरच्या स्ट्रॉबेऱ्या लाल दोऱ्याच्या, पण मोठ्या. आता आहेत त्या शेवटच्या रांगेतून कुंकवाच्या ठिपक्यांसारख्या दिसतात.

शेवटच्या अंकात एमिलिया बोलते. रुमाल मला सापडला, मी नवऱ्याला दिला. तोवर डेस्डेमोना ऑथेल्लोच्या हातून गेलेली असते. नवरा तलवार उपसतो, तरी ही थांबत नाही, आणि त्याच्याच वाराने मरते. संध्याकाळपासून तिच्यावर राग धरून बसलोय, पण त्या पानाशी आलो की तो टिकत नाही. घाबरलेलं, नवऱ्याला धरून असलेलं माणूस आहे ते. उशिरा का होईना, बोललं.

रेणूला सांगणार आहे, "काय की" तसंच ठेव. फक्त बाईसाहेबांकडं न बघता म्हण, घडी घालता घालता.