दोन थापा म्हणजे थांब

इंग्लंडच्या उत्तरेला, स्किप्टनच्या अलीकडे कुठेतरी मोटरसायकलच्या हेल्मेटांतल्या इंटरकॉमने मान टाकली. आधी खरखर, मग नवऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, मग काहीच नाही. पाऊस धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. इथल्या लोकांच्या लेखी तो पाऊसच नव्हे. पेट्रोल पंपावर थांबून त्याने दोन्ही हेल्मेटं मांडीवर घेतली, फुंकर मारली (कुठलंही यंत्र बिघडलं की आपला पहिला इलाज फुंकर), बटण दाबून धरलं, मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं. ढिम्म. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ असं ठसठशीत छापलेलं होतं, ते मी घरून निघताना कौतुकाने वाचूनही दाखवलं होतं.

अजून चार दिवस जायचे होते. वेग घेतलेल्या गाडीवर, हेल्मेटच्या आतून, डबलसीट बसलेल्या बाईने ओरडून काही उपयोग नसतो. मग पंपावरच सँडविच खाता खाता आम्ही थापांची भाषा ठरवली. पाठीवर एक थाप म्हणजे हळू. दोन म्हणजे थांब. ज्या खांद्यावर टिचकी, त्या बाजूला वळायचं. आणि दंडाला चिमटा म्हणजे बघ, काहीतरी भारी आहे.

“सत्तावीस वर्षं थापा मी मारल्या, आता तू मार,” असं म्हणून तो स्वतःच खो खो हसला.

चिमट्याचा प्रयोग दहा मिनिटांत फसला. जॅकेटच्या बाहीत कोपरापाशी जे जाड संरक्षक पॅड असतं त्यातून आत काही पोचतच नाही. मग चिमट्याच्या जागी गुडघ्याने कमरेला ढुशी आली.

लेस्टरला आम्हाला अठरा वर्षं झाली, पण मोटरसायकल घरात आली ती गेल्या वर्षी. पुण्यात वीस वर्षं दुचाकी हाकलेल्या माणसाला इथे पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागते. भारतातलं लायसन्स इथल्या लायसन्सवर बदलून मिळत नाही. आधी सीबीटी नावाचं एका दिवसाचं प्रशिक्षण, लेखी परीक्षा, मग मैदानातली एक परीक्षा आणि रस्त्यावरची एक. पन्नाशीतला माझा नवरा पिवळं जॅकेट घालून, गाडीला लाल ‘एल’ची पाटी लावून, प्लास्टिकच्या शंकूंमधून एकशे पंचवीस सीसीची गाडी नागमोडी चालवतोय, हे दृश्य मी कुंपणाबाहेरून पाहिलंय. त्याने त्याबद्दल लिहायला बंदी केली होती. तर ते असो.

गाडी घेतली ती एनफील्ड इंटरसेप्टर. दुसरी कुठली घेणार?

पहिला मुक्काम हॉझला, यॉर्कशायर डेल्समध्ये. डेल म्हणजे खोरं. प्रत्येक नदीचं एक खोरं, बहुतेकांना नदीचंच नाव, आणि एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर मधला डोंगर ओलांडायचा. मावळ आठवावं अशीच रचना आहे, फक्त झाडं नाहीत. झाडांच्या जागी भिंती. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड रचून केलेल्या कंबरभर उंचीच्या भिंती, नदीपासून सरळ डोंगराच्या माथ्यापर्यंत चढत गेलेल्या. ज्या उतारावर माणूस उभा राहील की नाही अशी शंका येते, तिथेही भिंत वर जातेच. आणि स्वेलडेलमध्ये जवळपास प्रत्येक कुरणात एक दगडी कोठार. खाली गुरं, वर गवत. वैरण घरापर्यंत वाहून आणण्यापेक्षा गुरांनाच वैरणीपाशी बांधायचं, असा साधा हिशेब.

हॉझला वेन्सलीडेल चीजची डेअरी आहे. या खोऱ्यात चीज करायला सुरुवात केली ती बाराव्या शतकात फ्रान्सहून आलेल्या मठवासी साधूंनी. १९९२ मध्ये मालक कंपनीने ही डेअरी बंद करून काम लँकशायरला हलवलं. यॉर्कशायरचं चीज लँकशायरमध्ये! कोल्हापुरी चपलांचा कारखाना उचलून सोलापूरला नेला तर जे होईल तेच झालं. तिथल्याच जुन्या व्यवस्थापकांनी काही महिन्यांत डेअरी विकत घेऊन पुन्हा सुरू केली. हे चीज इथे फ्रूटकेकबरोबर खातात. मला आधी ते विचित्र वाटलं, मग म्हटलं आपण शिकरणाबरोबर पोळी खातोच की. पांढरं, किंचित आंबट, बोटाने दाबलं की भुगा होतं. रात्री खोलीवर मी ते तिखटमिठाच्या पुरीवर कुस्करलं, वर लसणाची चटणी. साधूंनी मला क्षमा करावी.

शनिवारी बटरटब्ज घाट. हॉझमधून बाहेर पडलं की उत्तरेला हा रस्ता चढतो आणि पलीकडे थ्वेट नावाच्या मूठभर घरांपाशी उतरतो. २०१४ मध्ये टूर द फ्रान्स यॉर्कशायरमधून निघाली तेव्हा सायकलवाले याच रस्त्याने चढले होते. माथ्याजवळ रस्त्याच्या अगदी कडेला चुनखडीत पडलेली खोल भगदाडं आहेत. बाजाराला निघालेले शेतकरी विसाव्याला थांबले की लोणी गार राहावं म्हणून या भोकांत सोडून ठेवत, म्हणून ‘लोण्याची पिंपं’ असं नाव, अशी गोष्ट सांगतात.

आम्ही चढत होतो तेव्हा धुकं होतं. आंबोलीत पावसाळ्यात असतं तसं, ओलं, अंगाला चिकटणारं. रस्ता पुढच्या वीस पावलांपुरता. डावीकडे दरी असणार एवढंच कळत होतं. अशा रस्त्यावरही पांढऱ्या गोलात काळी तिरकी पट्टी असलेली पाटी होती. तिचा अर्थ ताशी साठ मैल चालेल. साठ मैल! आम्ही पंधराने जात होतो. रस्त्यात मध्येच आडव्या लोखंडी नळ्या येतात, मेंढ्यांनी हद्द ओलांडू नये म्हणून. चारचाकीला नुसती खडखड होते. ओल्या नळ्यांवर दुचाकीचं मागचं चाक मात्र एका क्षणापुरतं आपलं राहत नाही. पहिल्या वेळी मी घाबरून त्याच्या पाठीवर इतक्या थापा मारल्या की मोजणं अशक्य होतं. तो थांबला.

“हे काय होतं?”

“हळू.”

“हळू एकदाच असतं.”

धुक्यातून काळ्या तोंडाची एक मेंढी आली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि आमच्याकडे बघत रवंथ करू लागली. तिच्या मागे कोकरू. हॉर्न वाजवायचा धीर होईना. या भागातले मेंढपाळ मेंढ्या मोजायला वेगळेच आकडे वापरत. यान, टॅन, टेदरा, मेदरा, पिम्प. गावागावांत उच्चार थोडे बदलतात. इंग्रजीशी या पिम्पचं काही नातं दिसत नाही. वेल्श भाषेत मात्र पाचाला ‘पिम्प’ म्हणतात, आणि तिथून आपल्या ‘पंच’पर्यंतचं नातं भाषेचे अभ्यासक दाखवतात. डोंगरावरच्या धुक्यात, मेंढी हलण्याची वाट बघत, मी मागच्या सीटवर हे नातं जुळवत बसले होते. मेंढी पाच मिनिटांनी गेली.

तिथून टॅन हिल. १,७३२ फुटांवरचा पब, ब्रिटनमधला सगळ्यांत उंचावरचा. आजूबाजूला दुसरं घर नाही. नोव्हेंबर २०२१ च्या वादळात साठेक माणसं इथे तीन रात्री बर्फात अडकली होती, आणि त्यांत ओॲसिस या प्रसिद्ध बँडची गाणी वाजवणारा एक बँडही होता. तीन रात्री तीच गाणी. आम्ही गेलो तेव्हा मे महिना संपत आला होता आणि शेकोटी पेटलेली होती. हातमोजे पिळले तर पाणी निघालं. शेकोटीपुढे बूट काढून बसलेल्या आठ-दहा अनोळखी माणसांच्या मोज्यांचा वास एका खोलीत एकत्र आला की जे वातावरण तयार होतं, त्याला प्रवासाच्या माहितीपुस्तिकांमध्ये ‘उबदार’ म्हणतात.

रविवारी ऊन! रिबलहेडचा रेल्वेपूल उन्हात पाहायला मिळणं हे नशीब. चोवीस कमानी, चारशे मीटर लांबी, बत्तीस मीटर उंची, आणि खाली दलदलीचं माळरान. १८७० मध्ये काम सुरू झालं. हजारो मजूर याच माळावर लाकडी झोपड्यांत बायकापोरांसह राहिले. अपघात, देवीची साथ, दारू, मारामाऱ्या. थोडं पुढे चॅपल-ल-डेलच्या लहानशा चर्चच्या आवारात त्यांतल्या दोनशेच्या आसपास माणसांना पुरलंय. माझं आजोळ कर्जतचं. बोरघाटातली रेल्वे याच्या थोडी आधी, १८६३ मध्ये पुरी झाली. तिथे पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर गेले. लहानपणी त्या घाटातून जाताना आम्हाला फक्त वड्याचं पडलेलं असायचं. इथे चर्चमध्ये मात्र पुलाच्या मजुरांच्या सोबत्यांनी आणि रेल्वे कंपनीने मिळून लावलेला स्मृतिफलक आहे. मी तो दोनदा वाचला. नवरा बाहेर गाडीपाशी होता. तेवढ्यात पुलावरून दोन डब्यांची गाडी गेली, खेळण्यातल्यासारखी.

त्यानंतर कर्कबी लॉन्सडेलचा डेव्हिल्स ब्रिज. लून नदीवरचा मध्ययुगीन पूल, आणि रविवारची मोटरसायकलवाल्यांची पंढरी. एका म्हातारीला सैतानाने हा पूल बांधून दिला आणि बदल्यात पुलावरून जाणारा पहिला जीव मागितला. म्हातारीने पावाचा तुकडा पलीकडे भिरकावला, त्यामागे तिचा कुत्रा धावला. सैतान फसला. बिरबलाच्या तोडीची बाई.

वाटेत समोरून येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला मान हलवतो. हात नाही, मान. उजवा हात ॲक्सिलरेटरवर अडकलेला आणि समोरचा जाणार उजव्या अंगाने, म्हणून ही मान. नवऱ्याने ती फार मनावर घेतलीय. रविवारी संध्याकाळपर्यंत त्याची मान दुखायला लागली होती.

पुलापाशी शंभरेक गाड्या ओळीने लावलेल्या. आमची लावतोय तोच एक सत्तरीपुढचे आजोबा चहाचा कप घेऊन आले. वाकून इंजिनाखालची जमीन बघितली. मग बोट फिरवून बघितलं.

“तेल गळत नाही?”

“नाही.”

“मग ही खरी एनफील्ड नाही.”

तरुणपणी त्यांच्याकडे साठच्या दशकातली इंटरसेप्टर होती, इंग्लंडातल्याच रेडिचच्या कारखान्यातली. “आमचीच गाडी,” असं ते सारखं म्हणत होते. मद्रासला १९५५ मध्ये एनफील्डचं काम सुरू झालं, रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, आणि आता चेन्नईत तयार झालेल्या गाड्या बोटीने इंग्लंडात येतात, हे नवऱ्याने त्यांना अदबीने सांगितलं. आजोबांना ते सगळं पाठ होतं. “ठाऊक आहे,” ते म्हणाले, “तुम्ही ती दुरुस्त करून परत पाठवलीत.” आणि आपल्या कपातला उरलेला चहा संपवून निघून गेले. नवरा दिवसभर त्या वाक्यावर खूश होता. ती तारीफ होती की टोमणा, यावर आमचं अजून एकमत नाही.

सोमवारी हार्डनॉट. लेक डिस्ट्रिक्टमधला हा घाट एकेका ठिकाणी तीनास एक चढतो, म्हणजे तीन पावलं पुढे तर एक पाऊल वर. त्यात एकावर एक गुंडाळलेली वळणं आणि एका गाडीपुरता रस्ता. बँक हॉलिडेची, म्हणजे सार्वजनिक सुट्टीची, गर्दी टाळायला आम्ही सातलाच मुक्कामाचं ॲम्बलसाइड सोडलं. रायनोज घाट डबलसीट पार पडला. खाली कॉकली बेकच्या पुलापाशी आलो, समोर तो रस्ता डोंगराला टेकवलेल्या शिडीसारखा दिसला, आणि मी पाठीवर दोन थापा दिल्या.

दोनशे किलोंवर गाडी, त्यात सामान, त्यात मी. वळणावर गाडी थांबली तर त्याचे पाय टेकणार नाहीत, हे त्यालाही कळत होतं. त्याने एकदाही ‘बस गं’ म्हटलं नाही, यावरूनच काय ते समजलं. मी उतरले. तो गेला. पहिल्या गिअरमधला इंजिनाचा आवाज वळणावळणाने वर जाताना मी ऐकत होते. एकदा आवाज तुटला तेव्हा माझाही श्वास तुटला. मग पुन्हा सुरू झाला.

जेमतेम मैलभर चढ, पण मोटरसायकलच्या बुटांत तो सिंहगड होतो. घोटा वळतच नाही. वाटेत हर्डविक मेंढ्या, पांढऱ्या तोंडाच्या, राखाडी अंगाच्या, माझ्यामागून चालत आल्या. बहुधा खायला मिळेल म्हणून. एक गाडीवाला काच खाली करून “ठीक आहात ना?” असं विचारून गेला. हेल्मेट हातात, चेहरा लालबुंद, मोटरसायकलचा पत्ता नाही. त्याला काय वाटलं असेल!

माथ्यावर ३९३ मीटरवर नवरा दगडावर बसून केंडल मिंट केक खात होता. नाव केक, ऐवज म्हणजे पुदिन्याच्या चवीची साखरेची वडी. १९५३ मध्ये एव्हरेस्टवरही नेली होती. अर्धी माझ्यासाठी ठेवली होती, असं तो म्हणाला. एक तृतीयांश होती.

पलीकडे उतरताना डाव्या-उजव्या वळणांनंतर रोमन किल्ला लागतो. सम्राट हेड्रियनच्या काळातला. पाचशे सैनिकांची तुकडी, आणि तीही डाल्मेशियातून, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून आणलेली. भूमध्य समुद्राच्या उन्हात वाढलेली पोरं या वाऱ्यात कशी राहिली असतील? किल्ल्याखाली त्यांच्या न्हाणीघराच्या भिंती अजून आहेत, त्यात एक गोल खोली घाम काढण्यासाठी. गरम पाण्याची सोय आधी, मग बाकीचं साम्राज्य. मला ते पटलं.

मंगळवारी परतीची वाट, समुद्राच्या बाजूने वळसा घालून एम सिक्स महामार्गावर. त्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ट्रक, वारा, ट्रक. लँकेस्टरच्या जवळ नवऱ्याने एकाएकी इंडिकेटर दिला आणि गाडी सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे महामार्गावरच्या थांब्यात घेतली, तो षटकोनी सिमेंटचा मनोरा आहे तिथे. काच वर करून, काळजीने मागे वळून म्हणाला, “काय झालं?”

“कुठे काय?”

“दोन थापा मारल्यास ना?”

मला डुलकी लागली होती. माझं हेल्मेट त्याच्या पाठीवर दोनदा आपटलं असणार.

“हो,” मी म्हटलं, “चहा हवा होता.”