तुम्ही विचारलंत म्हणून : घटसर्पाच्या विषासाठी बुरशी कशाला?

गावी दापोलीला आले की ओळखीची माणसे हमखास विचारतात, की रोग होतो जिवाणूंच्या विषाने, मग तुम्ही प्रयोगशाळेत बुरशी का वाढवता? प्रश्न रास्त आहे, आणि घटसर्पाचे उदाहरण घेतले तर त्याचे उत्तर नीट देता येते.

घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून बनवलेले प्रतिविष १८९० च्या दशकापासून वापरात आहे. पण ते रक्तात फिरणारे विष तेवढे निकामी करते, पेशीत शिरलेल्या विषापुढे त्याचे काही चालत नाही. पेशीच्या आत काय घडते ते शोधायला यीस्ट ही एकपेशीय बुरशी फार उपयोगी पडते. कोकणातली माडी आंबते तीही यीस्टमुळेच. यीस्टची प्रथिने बनवण्याची यंत्रणा बरीचशी आपल्यासारखी आहे, आणि तिच्या सुमारे ६००० जनुकांचा आराखडा १९९६ पासून हाताशी आहे.

विषाच्या घातक तुकड्याचे जनुक यीस्टमध्ये असे बसवतात, की ते गॅलॅक्टोज ही साखर मिळाल्यावरच जागे व्हावे. हा तुकडा एकटा असताना बाहेरून पेशीत शिरू शकत नाही, म्हणून काम सुरक्षित राहते. ग्लुकोजच्या डिशमध्ये टाचणीच्या डोक्याएवढ्या दुधट वसाहती दाटीने उगवतात. गॅलॅक्टोजच्या डिशमध्ये मात्र जवळजवळ काहीच उगवत नाही. तरीही एखादी वसाहत तगतेच, आणि माझे सारे लक्ष तिच्यावर असते, कारण तिच्यातले कोणते जनुक बिघडले हे कळले की विषाला कशाची गरज असते ते कळते. अशा तगलेल्या यीस्टमधूनच डीपीएच नावाची जनुके हाती लागली. प्रथिननिर्मितीतल्या एका घटकावर ती डिप्थामाइड नावाची खूण घडवतात, आणि विष नेमके त्या खुणेवर घाव घालते. हीच जनुके माणसातही आहेत.

आता औषधाविषयी. घटसर्पाच्या विषाचा तुकडा जोडून तयार केलेल्या टॅग्रॅक्सोफस्प या औषधाला एका दुर्मीळ रक्तकर्करोगासाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. काही रुग्णांच्या कर्कपेशी पुढे त्याला दाद देईनाशा झाल्या, तेव्हा २०१९ मध्ये असे दिसले, की त्यांच्यातले डीपीएच१ जनुक निपचित पडले होते. अझासिटिडीन या जुन्या औषधाने ते पुन्हा जागे होते आणि त्या पेशी पुन्हा विषाला बळी पडतात.