रात्रपाळीचा भाडेकरू आणि सकाळी साडेदहाचा प्लंबर

घरमालक म्हणतात, "शनिवारी तुम्हाला सुट्टी, साडेदहाला प्लंबर घेऊन येतो." भाडेकरूही हो म्हणून टाकतो. पण पुण्याच्या हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्याची शुक्रवारची शिफ्ट संपते शनिवारी पहाटे. घरी येऊन डोळा लागायला पाच-साडेपाच होतात. साडेदहाला बेल वाजते, दार उघडत नाही, प्लंबर फेरीचे पैसे घेऊन जातो आणि घरमालकाच्या मनात भाडेकरू कायमचा 'फोन न उचलणारा' होऊन बसतो.

अशा माणसाचा शनिवार झोपेत जातो. रविवारी तो जागा असतो, पण बहुतेक सोसायट्यांत रविवारी ठोकाठोकीला बंदी. उरतो सोमवार. रविवारची रात्र नीट झोपून झालेली, शिफ्ट संध्याकाळी, त्यामुळे सकाळी दहा-अकरापासून चारपर्यंतचा वेळ मोकळा. घरमालकाला 'सोमवार' सुचणार नाही, तो भाडेकरूनेच सांगावा लागतो. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आठवड्याला पाळी बदलते; तिथे तोडफोडीचं काम दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात घ्यावं, कारण त्या आठवड्यात माणूस दुपारपर्यंत घरी आणि जागा असतो. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात नुसती पाहणीसुद्धा नको.

मग सोसायटीचं घड्याळ. ड्रिल-हातोड्याच्या वेळा प्रत्येक सोसायटीच्या वेगळ्या, पण दुपारी एक-दोन ते चार शांतता हा नियम बऱ्याच ठिकाणी सापडतो. म्हणजे रात्रपाळीवाल्याला सोयीचे दोन ते चार नेमके बंद. त्या वेळात वॉशर बदलणं, गिझर उघडणं, रंगाचा हात मारणं अशी बिनआवाजाची कामं बसवा. पुण्यात आणखी एक खोच आहे. देखभालीसाठी पाणी बंद ठेवायचं तर महापालिका बहुधा गुरुवार धरते आणि महावितरणची देखभालही गुरुवारीच निघते. नळाला पाणी नसताना गळती तपासणार कशी आणि विजेशिवाय ड्रिल चालणार कसं? बाकी सगळं जुळत असलं तरी गुरुवार टाळा.

आता मुद्द्याचं. 'बाथरूमचं लीकेज' हे ऐकायला एक काम असलं तरी त्यात चार-पाच कामं दडलेली असतात, आणि प्रत्येकाला भाडेकरू लागतोच असं नाही. छतातून पाणी टपकतंय असं धरू. पहिला तपास भाडेकरू एकटा करू शकतो: डागाभोवती पेन्सिलने रेघ मारायची आणि दिवसातून तीनदा, वेळ दिसेल असा फोटो काढायचा. थेंब चोवीस तास सारखा पडत असेल तर वरच्या फ्लॅटच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपवर संशय घ्यायचा. वरच्यांच्या आंघोळी झाल्यावरच पडत असेल तर सांडपाण्याचा पाइप, न्हाणी ट्रॅपचा (बाथरूमच्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा किंवा टाइल्समधल्या फटी. हे फोटो आधी पाठवले तर प्लंबरची 'बघून जातो' ही फेरी बऱ्याचदा वाचते.

दुसरा टप्पा वरच्या घरातला. तिथला ट्रॅप बंद करून उंबरठ्याच्या आत इंचभर पाणी २४ तास साठवून ठेवायचं. डाग वाढला का हे कळायला खालच्या भाडेकरूने सुरुवातीला आणि शेवटी असे दोन फोटो काढले की झालं. खरी अडचण वरच्यांची, त्यांचं बाथरूम दिवसभर अडकतं, तेव्हा तारीख त्यांच्या सोयीने ठरू द्या. गळती तिथलीच निघाली आणि टाइल्समधले सांधे इपॉक्सी ग्राउटने (फटी भरायच्या पक्क्या मसाल्याने) भरले तर त्यावर पुन्हा किमान २४ तास पाणी नको. इथवर खालचं दार एकदाही उघडावं लागलेलं नाही.

खालचं छत शेवटी, आणि घाई होते ती इथेच. गळती थांबली की दुसऱ्याच दिवशी रंगारी बोलावतात. आत ओल असते, पुट्टी वरून सुकते, महिन्याभरात फुगे येऊन पापुद्रे सुटतात, आणि दोष पुट्टीच्या कंपनीला! दोन-तीन आठवडे थांबा, पावसाळ्यात त्याहून जास्त. पेन्सिलच्या रेघेच्या आतला डाग आक्रसला आणि हाताला गार लागेनासा झाला की खरवडायला घ्या. पुट्टीच्या दोन हातांमध्ये चार-सहा तास जातात, म्हणून रंगाऱ्याला 'दिवसभर' बोलावण्यापेक्षा दोन-तीन दिवस तास-तासभर बोलावणं बरं. रंगाऱ्यांना हे आवडत नाही, त्यांचा रोज बुडतो. त्याच सोसायटीत दुसरं काम चालू असलेला रंगारी शोधला तर तोही प्रश्न सुटतो. एकूण महिनाभराचं काम, पण भाडेकरूने दार उघडायला हजर राहायचे तास जेमतेम चार.

सोसायटीशी पत्रव्यवहार घरमालकालाच करावा लागतो, कारण सदस्य तो असतो. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) गच्ची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, फ्लॅटच्या आतली त्या सदस्याने. मजकूर भाडेकरूने फोटोंसकट तयार करून दिला तर मेल त्याच दिवशी जातो, नाहीतर आठवडा जातो.

फेरी फुकट जाण्याचं माझ्या मते सगळ्यात फालतू कारण म्हणजे न फिरणारा कॉक. नळ बदलायला माणूस येतो, खालचा अँगल कॉक (त्या एका नळाचं पाणी बंद करणारा) क्षारांनी जाम, फ्लॅटचा मेन कॉकही वर्षानुवर्षं कुणी हलवलेला नाही. मग गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो, त्याने त्या लाइनवरच्या सगळ्या फ्लॅट्सचं पाणी जातं आणि सोसायटी म्हणते, आदल्या दिवशी नोटीस लावायला हवी होती. म्हणून आदल्या रात्री दोन्ही कॉक हलक्या हाताने फिरवून बघा. जोर लावू नका. जुना स्पिंडल तुटला तर मध्यरात्री पूर. फिरत नसेल तर तसं कळवा, म्हणजे प्लंबर अर्ध्या इंचाचा नवा अँगल कॉक आणि टेफ्लॉन टेप घेऊनच येईल.

गिझरचंही तसंच. लेबलचा फोटो पाठवा, लिटर आणि वॅट वाचता येतील असा. आणि नेमकं काय पडतं ते सांगा: आरसीसीबी (करंट गळला की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल तर बहुधा एलिमेंट फुटून पाण्यात करंट उतरतोय, एमसीबी (त्या एका लाइनचा स्विच) पडत असेल तर शॉर्ट किंवा जास्तीचा भार. टँकर-बोअरच्या जड पाण्यात एलिमेंटवर क्षारांचा थर चढून तो फुटतो. एवढं आधी कळलं तर माणूस पार्ट घेऊन येतो. आरसीसीबी पडत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत तो गिझर वापरूच नका. घरून काम करणाऱ्यांनी इलेक्ट्रिशियनला आधीच बजावून ठेवावं की मेन स्विच पाडू नका, फक्त गिझरचा एमसीबी पाडा. नाहीतर मीटिंगच्या मधोमध राउटर बंद.

घरमालकाला पाठवायचा मेसेज मोघम नको. "कधीही या" लिहिलं की लोक खरोखर कधीही येतात. असा लिहावा:

"काका, नमस्कार. बाथरूमच्या छतातून पाणी टपकतंय, फोटो आणि वेळा सोबत आहेत. या आठवड्यात मी सोमवारी ११ ते ४ आणि बुधवारी २ ते ४ घरी जागा आहे. ठोकाठोकी असेल तर सोमवारी एकच्या आत, नुसतं बघायचं असेल तर बुधवारही चालेल. येणाऱ्याचं नाव-नंबर आदल्या संध्याकाळपर्यंत पाठवाल का? गेटवर एंट्री करून ठेवतो."

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ नुसार घरमालक पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी घराची पाहणी करू शकतो, आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सवाले परवानाधारकही (भाडेकराराऐवजी ठरावीक मुदतीच्या परवान्यावर राहणारे) येतात. 'वाजवी' म्हणजे किती वाजता, हे कलमात नाही. दुरुस्तीचं कलम १४ आहे: किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. मात्र ते कलम 'भाडेकरू'बद्दल बोलतं. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्याने त्याच्या भरवशावर परस्पर भाडं कापू नये. त्याचं बळ करारात, म्हणून नोंदणीआधीच एक ओळ घालून घ्या: "पाहणी व दुरुस्तीसाठी किमान ४८ तास आधी व्हॉट्सॲपवर किंवा लेखी कळवून, परवानाधारकाने दिलेल्या वेळांत यावे, पाणी, वीज वा आगीचा तातडीचा प्रसंग वगळून." केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात २४ तासांची सूचना आणि सूर्योदयाआधी-सूर्यास्तानंतर प्रवेश नाही, असं आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, पण ओळ घालताना दाखवायला उपयोगी पडतो.

भाडेकरूला हजर राहणं जमणारच नसेल तर किल्ली वॉचमनकडे ठेवू नका. शेजारी किंवा मालकाचा माणूस बरा. बेडरूमला कुलूप लावा, निघताना कामाच्या जागेचा फोटो काढा आणि किल्ली कुणाला, किती वाजता दिली याचा एका ओळीचा मेसेज तिघांच्या ग्रुपवर टाका.

घर सोडतानाची पाहणी सामान हलवल्यानंतर आणि किल्ली देण्याआधी ठेवा. कपाटामागची ओल तेव्हाच दिसते आणि डिपॉझिटची वादावादी तिथूनच सुरू होते. त्यासाठी मात्र अर्ध्या दिवसाची रजा टाका. गिझर चालवून दाखवायचा असतो, म्हणून बिलाचा हिशेब संपला तरी मेन स्विच चालू असू द्या, आणि मीटरच्या रीडिंगचा फोटो मालकासमोरच काढा.