पिच्चरमधलं लेकरू येगळं

औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात आमचं शूटिंग चालू होतं. मी साउंड रेकॉर्डिस्ट. गोष्ट एका शेतकऱ्याच्या घरातली: मुलगा शेततळ्यात बुडतो आणि पुढे त्या घराचं काय होतं ते. शेततळं ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पाणी जिरू नये म्हणून आतून प्लास्टिकचा कागद अंथरतात, तो निसरडा होतो, आणि एकदा आत गेलं की पोहणाऱ्यालाही कड धरून वर येता येत नाही.

दिग्दर्शक हुशार, पुण्यात शिकलेला. त्याच्या डोक्यात नानी मोरेत्तीचा ‘द सन्स रूम’ बसलेला. 2001 साली कान महोत्सवात पाल्म दोर, म्हणजे तिथलं सर्वोच्च बक्षीस, मिळवलेला इटालियन सिनेमा. त्यात एका मानसोपचारतज्ज्ञाचा तरुण मुलगा समुद्रात डायव्हिंग करताना जातो. शवपेटीचं झाकण सोल्डरिंग करून, स्क्रू पिळून बंद करतात तो प्रसंग ऐकावा असा. रडण्यापेक्षा त्या यंत्राचा आवाज जास्त जिव्हारी लागतो. पण माझं मत विचाराल तर ‘सारांश’, 1984 चा. 28 वर्षांच्या अनुपम खेरनं म्हातारे प्रधान मास्तर केलेत. न्यूयॉर्कमध्ये मारल्या गेलेल्या मुलाच्या अस्थींसाठी बापाला कस्टमच्या कचेरीत भांडावं लागतं. दुःख दाखवायचं तर माणसाला असं एखादं काम लावून द्यावं, नुसतं खिडकीशी बसवू नये.

आमच्या दिग्दर्शकाला मात्र नुसतं बसवायचंच होतं. भेटायला येणाऱ्या बायकांचा सीन होता. मुंबईहून आलेली नटी, म्हणजे मुलाची आई, भिंतीला टेकून गप्प, बायकाही गप्प, आवाज फक्त पंख्याचा. बायका गावातल्याच होत्या. त्यातली एक आजी पदर सावरत म्हणाली, “आसं मुक्यानं कोण भेटाय येतंय, बाबा? गल्लीच्या तोंडापासून रडत यावं लागतंय.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. कडू घास, म्हणजे मयताच्या घरी दुसऱ्यांकडून येणारं जेवण, कोणाच्या घरून आला, हेही सीनमध्ये कुणीतरी विचारायला हवं म्हणाल्या. दिग्दर्शक वैतागला, पण एक टेक त्यांच्या पद्धतीनं घेऊ म्हणाला.

आजीच्या पदराआड लेपल माइक लावला. हेडफोनमध्ये आधी बांगड्या, मग एक लांब श्वास, आणि मग हेल. “शाळा भरली रं राजा, दप्तर खुटीलाच ऱ्हायलं रं…” आवाज फाटू नये म्हणून मी पटकन गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, खाली घेतला. नटीच्या गळ्यात पडून आजी ओळीमागून ओळ जोडत गेली. गप्प बसायचं ठरलेली नटी ढसाढसा रडायला लागली. मधेच आजीच्या तोंडून मुलाचं नाव आलं. स्क्रिप्टमधलं नव्हतं, दुसरंच. पुन्हा आलं. कट म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

टेक संपल्यावर आजीनं तोंड पुसलं आणि विचारलं, “चहा हाय का न्हाई?” कसं झालं ते ऐकायचं म्हणाली, म्हणून हेडफोन तिच्या कानाला लावले. त्या नावाशी आल्यावर तिनं हात वर केला.

“हे काढा. हे माझ्या लेकराचं नाव हाय. भूकंपात गेलं त्ये. पिच्चरमधलं लेकरू येगळं.”

किल्लारीचा भूकंप, 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते, आणि दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. आम्ही ज्या रुंद, आखीव रस्त्यांवर ट्रॉली लावत होतो ते गाव त्यानंतर वसवलेलं. हे सगळ्या युनिटला माहीत होतं.

मी म्हटलं, नावं बदलून नुसता आवाज पुन्हा घेऊ. कॅमेरा नाही, माणसं नाहीत, पंखा बंद. आजी चहा संपवून खाली बसली आणि पुन्हा म्हणाली. तोच हेल, श्वास त्याच जागी, नाव फक्त सिनेमातल्या मुलाचं. आयुष्यभर किती अंगणांत जाऊन हे म्हटलं असेल तिनं! बुद्धिजीवी लोक ज्याला उमाळा म्हणून सोडून देतात त्याला चाल असते, ओळी असतात, कुठे थांबायचं तेही ठरलेलं असतं. नटी बाजूला उभी राहून ऐकत होती. नंतर तिनं आजीकडून दोन ओळी लिहून घेतल्या.

मिक्सिंगला दिग्दर्शक म्हणाला, हा आवाज खाली घे, मेलोड्रामा वाटतोय. मी म्हटलं, तुझा पंखा खाली घेतो. त्यावरून आमचं अजून वाजतंय.