छत्तीस रिकाम्या फ्रेम

रविवारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, लिहून काढतो म्हणजे जरा मोकळं वाटेल.

मी इंदूरला वेबसाईट बनवतो, पंधरा वर्षं झाली, विजयनगरला छोटंसं ऑफिस आहे. या कामात नवीन कोड लिहिणं कमी आणि दुसऱ्याने कधीतरी लिहिलेलं उकलत बसणं जास्त, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. दिवाळीनंतर लोकमान्यनगरच्या एक बाई पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. रिटायर्ड शिक्षिका, दर रविवारी सकाळी मराठी मुलांचा वर्ग घेतात. आपल्या इथली मुलं घरी मराठी बोलतात पण शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी, त्यामुळे ळ त्यांच्या कानाला वेगळा लागतच नाही, बाळचं बाल होतं, काळाचं काला. म्हणून बाई 2006 साली क्लास लावून फ्लॅश, म्हणजे वेबसाईटसाठी हलती चित्रं आणि गेम बनवायचं अडोबी कंपनीचं सॉफ्टवेअर, शिकल्या आणि स्वतः एक गेम केला. दोन चित्रं, बाईंच्या आवाजात एक शब्द, बरोबर चित्रावर क्लिक करायचं. माळ का माल, वेळ का वेल, गाळ का गाल, मूळ का मूल, अशा चौदा जोड्या.

फ्लॅश बंद होणार हे अडोबीने जुलै 2017 मध्येच सांगून ठेवलं होतं, 31 डिसेंबर 2020 ला सपोर्ट संपला आणि 12 जानेवारी 2021 पासून ब्राउझरमध्ये फ्लॅश चालवणारा प्लेयर स्वतःच काही चालवेनासा झाला. बाईंचा गेमही तेव्हाच गेला. मूळ फाईल जुन्या कंप्युटरबरोबर भंगारात, हातात राहिली ती फक्त तयार एसडब्ल्यूएफ, म्हणजे नुसती चालवायची फाईल. "चालेल का रे परत?" एवढंच विचारलं त्यांनी.

आधी रफल लावून बघितलं. रफल म्हणजे ब्राउझरच्या आत फ्लॅशचं सोंग घेणारा प्रोग्राम, रस्ट भाषेत लिहिलेला, वेबअसेंब्लीवर चालतो, आणि ज्यांनी कोणी तो फुकट बनवून दिलाय त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. गेम उघडला! माळ दिसली, बाईंचा आवाज आला, अंगावर काटा आला खरंच. पण प्रश्नाची ओळ सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. कारण त्या काळात युनिकोड मराठी, म्हणजे आज सगळीकडे टाईप होते ती, फ्लॅशमध्ये धड दिसत नसे म्हणून सगळे जुने फॉन्ट वापरायचे, त्यात इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. जो मजकूर गेममध्येच आकार म्हणून कोरलेला होता तो नीट आला, आणि जो चालताना फॉन्ट शोधतो त्याला फॉन्टच मिळेना. शिवाय 550 बाय 400 चा तो चौकोन मोबाईलवर एवढासा, मुलांची बोटं भलत्याच चित्रावर पडणार. मग ठरवलं, ब्राउझरला थेट कळणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत पुन्हा लिहायचा.

ऑफिसमधला ज्युनिअर म्हणाला, "भैया, ये तो एआय से घंटे भर में हो जाएगा." होईलही. मुलगा हुशार आहे पण वाचत नाही, एमडीएन या वेबच्या माहितीच्या साईटसारखं इतकं चांगलं डॉक्युमेंटेशन फुकट आहे, ते उघडायच्या आधी कुठून तरी उचलून चिकटवतो. मी त्याला यावरून बोललोसुद्धा.

मी रीतसर डीकंपायलरमध्ये, म्हणजे तयार फाईल उकलून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, फाईल उघडली, सगळे आवाज, चित्रं आणि ॲक्शनस्क्रिप्ट, म्हणजे फ्लॅशचा कोड, बाहेर काढलं, एकेक फ्रेम बघितली, फ्रेम म्हणजे सिनेमाच्या रिळासारखं एकामागून एक येणारं चित्र. 'चूक' नावाच्या लेबलच्या पुढे छत्तीस फ्रेम होत्या, चित्रं तशीच, आवाज नाही, बटण नाही, कोड नाही. मी वहीत लिहिलं, "36 रिकाम्या, काढल्या." कोणाला विचारलं नाही. जुन्या फाईलींत असा गाळ असतोच असं धरून चाललो.

मग साईटवर चढवला. साईट वर्डप्रेसवर, म्हणजे साईट चालवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, आहे आणि पानाचं नाव "चला खेळूया आणि ळ ओळखायला शिकूया", तर पानाच्या वेब पत्त्यात शिकूयाचा फक्त श उरला! पत्त्याला जागा 200 अक्षरांची आणि मराठीचं एकेक अक्षर तिथे नऊ जागा खातं, काना मात्रा वेगळे मोजून, म्हणजे बावीस अक्षरांत खेळ खलास. 2003 पासूनचं सॉफ्टवेअर आहे, इतकी मराठी मंडळी त्यावर लिहितात, आणि अजून ही तऱ्हा, मला याचा मनापासून राग येतो.

रविवारी वर्गात गेलो. नऊ मुलं, आईबाबांचे मोबाईल. एका मुलाने चौदा जोड्या मिनिटाच्या आत संपवल्या, सगळे खूश, मीही. बाई मात्र त्याच्या मागे उभं राहून बघत होत्या. म्हणाल्या, "चुकल्यावर हा थांबत का नाही?"

मी म्हटलं, तिथे रिकाम्या फ्रेम होत्या, काढून टाकल्या.

"अरे, तिथेच तर मुलं तो शब्द परत म्हणून बघतात. लगेच बोट लावू दिलंस तर दुसरं चित्र दाबून मोकळी होतील, दोनच तर आहेत."

फ्लॅशमध्ये तेव्हा सेकंदाला बारा फ्रेम चालायच्या. छत्तीस म्हणजे बरोबर तीन सेकंद. हे गणित मला येत होतं, मी केलं नाही. तिथेच लॅपटॉप उघडून तीन सेकंद परत घातले, आणि फ्रेम न मोजता मिलीसेकंदात घातले, कारण आता कुठल्या मोबाईलची स्क्रीन सेकंदाला 60 फ्रेमने चालते, कुठल्याची 120 ने, फ्रेम मोजल्या तर काही मुलांना अर्धाच वेळ मिळाला असता.

नंतर एक सात-आठ वर्षांची मुलगी खेळायला बसली. शब्द आला वेळ, तिने वेलीवर बोट ठेवलं. गेम थांबला. तिने दोनदा परत दाबून बघितलं, काही होईना. मग ती नुसती बघत राहिली आणि ओठ हलले, पहिल्यांदा वेल, मग जीभ मागे वळवून, अगदी हळू, वेळ. तीन सेकंद संपले तसं तिने घड्याळ दाबलं.

त्या रात्री घरी येऊन जुनी फाईल पुन्हा पहिल्यापासून बघितली. गाळ-गालच्या जोडीला शब्द यायच्या आधी आणखी वीस फ्रेम तशाच आहेत, फक्त त्या एकाच जोडीला. बाईंना फोन केला, त्यांनाही आठवेना. "काहीतरी असेल रे, बघते आठवतंय का." त्या वीस फ्रेमचे दीड सेकंदाहून थोडे जास्तच होतात, तेवढे मी परत घातलेत आणि कोडमध्ये वर लिहून ठेवलंय, बाईंना विचारल्याशिवाय काढू नये.